युरिया २६६, डीएपी १३५०. हा फरक पडला कधी?

जून तोंडावर आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात दोनच चौकशा असतात. पाऊस कधी पडतोय आणि डीएपी कुठं मिळतंय. रांगा, लिंकिंग, साठेबाजी यावर आम्ही पत्रकार दरवर्षी बातम्या करतो. पण हे भाव असे का, हे बघायचं तर जरा मागं जावं लागतं.

१९७७ साली मराठे समितीच्या शिफारशीवरून केंद्रानं एक योजना आणली. शेतकऱ्याला ठरलेल्या भावात खत, कारखान्याला त्याच्या नेट वर्थवर (स्वतःच्या भांडवलावर) १२ टक्के परतावा, आणि मधली तूट सरकार भरणार. खत वाढलं, धान्य वाढलं, सबसिडीचा आकडाही वाढला. १९९१ ला देशाची तिजोरी रिकामी झाली तेव्हा मनमोहनसिंगांनी अर्थसंकल्पात खताचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले. संसदेत गदारोळ झाला, मग वाढ ३० टक्क्यांवर आणली.

खरी गोष्ट पुढच्या वर्षी घडली. संयुक्त संसदीय समितीचा अहवाल आला आणि २५ ऑगस्ट १९९२ ला स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचं नियंत्रण उठलं. डीएपी, पोटॅश बाजारावर सोडलं. युरिया मात्र सरकारनं हातात ठेवला आणि वर १० टक्के स्वस्तही केला. कारण सरळ आहे, युरिया सगळेच वापरतात, म्हणजे मतं तिथं.

आता एक हिशोब करू. त्या निर्णयाच्या आधी युरियाची ५० किलोची गोणी १५३ रुपयांना होती, डीएपीची २३४ ला. युरियात ४६ टक्के नत्र असतं. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. म्हणजे नत्र किलोला साधारण साडेसहा रुपये पडायचं, आणि डीएपीतल्या नत्राचे पैसे वजा केले तर स्फुरद साडेसात रुपये. जवळजवळ सारखंच. आज युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, डीएपी १३५०. तोच हिशोब लावा. नत्र १३ रुपये किलो, स्फुरद ५३-५४ रुपये. चौपट!

देशभर याचा परिणाम लगेच दिसला. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचं प्रमाण १९९१-९२ ला ५.९ : २.४ : १ होतं, ते एका वर्षात ९.५ : ३.२ : १ वर गेलं. आपल्याकडं मात्र तेव्हा फारशी ओरड झाली नाही. कारण शिवारात हायब्रीड ज्वारी होती, तिला नत्रच लागायचं. मूग, उडीद, तुरीला खत टाकतंय कोण!

फटका बसला तो सोयाबीन आल्यावर. उमरग्यापासून कळंबपर्यंत खरिपात दुसरं काही दिसेना. सोयाबीन हे द्विदल पीक, आपलं बरंचसं नत्र मुळांवरच्या गाठीत स्वतःच करून घेतं. त्याला लागतं स्फुरद, परभणी विद्यापीठाच्या शिफारशीतही नत्राच्या दुप्पट. त्यात आपली जमीन चुनखडीची, टाकलेल्या स्फुरदातला मोठा वाटा धरून ठेवणारी. म्हणजे जे पिकाला कमी लागतं ते सरकारनं स्वस्त ठेवलं, आणि जे हवं ते महाग.

२०१० ला हे दुरुस्त करायची संधी होती. १ एप्रिलपासून अन्नद्रव्यांवर आधारित सबसिडी आली, पण युरिया त्यातूनही बाहेर ठेवला. आधीची काही वर्षं ४६७ रुपयांवर थांबलेली डीएपीची गोणी दोन-तीन वर्षांत १२०० च्या पुढं गेली. युरिया वाढला फक्त १० टक्के. २०२१ च्या मे महिन्यात तर डीएपी २४०० वर चाललं होतं. सरकारनं गोणीमागची सबसिडी ५०० वरून १२०० केली तेव्हा कुठं ते १२०० ला मिळालं.

दरवर्षी एखादा साहेब येऊन सांगतो की शेतकऱ्याला संतुलित खत कळत नाही, नुसता युरिया फेकतो. अहो, किंमत बघून माल घेणं याला अडाणीपणा म्हणत नाहीत. लिंकिंगमध्ये नको असलेली बाटली गळ्यात मारतात, तेव्हा डीएपीची गोणी १३५० लाही पडत नाही. आणि एवढं करून २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ असताना बाजारात त्याच्याही खाली विकावं लागलं.

ज्यांना जमेल त्यांनी सिंगल सुपर फॉस्फेटचा विचार करावा. स्फुरद कमी, १६ टक्केच, पण सोबत गंधक मिळतं आणि तेलबियाला ते लागतंच.

कुणाच्या घरी १९९२ च्या आगंमागं काढलेली खताची पावती जुन्या वह्यांत असेल तर फोटो पाठवा. नाव झाकून पाठवलं तरी चालेल, मला फक्त भाव बघायचाय.