पेरणीचे गुत्ते

आमच्या मराठवाड्यात ठरावीक रकमेवर काम अंगावर देण्यास 'गुत्ते' म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच 'उक्ते' म्हणतात. निजामी राजवटीत दारूचे गुत्ते असे, जंगलाचे असे. पुढे रस्त्यांचे आणि धरणांचे आले. आता पेरणीचेही आले आहे. ज्याच्या दावणीला बैल नाहीत आणि दारात ट्रॅक्टर नाही, तो मृगाचा पाऊस पडताच एकरी भाव ठरवून दुसऱ्याच्या यंत्राने आपले रान पेरून घेतो. हा बदल कसा झाला आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढाच आजचा विषय.

पूर्वी पेरणी फुकट होत होती, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. सुताराने तिफण भरली, लोहाराने फण शेवटले, की त्याचे बलुते खळ्यावर धान्याने दिले जाई. एका बैलाचा धनी दुसऱ्या एका बैलाच्या धन्याशी सावड करी. ज्याचे काम मागे पडले त्याच्या रानात गाव इर्जिकीला येई, आणि तो सर्वांना पोटभर जेवू घाली. म्हणजे खर्च होता. परंतु तो बव्हंशी पीक आल्यावर द्यावयाचा होता, आणि श्रमाची फेड श्रमाने होत होती. पीक बुडाले तर बलुतेदाराचेही बुडे. धोका गावभर वाटला जाई.

मात्र ह्या जुन्या गावाचे गोडवे गाणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. धोका वाटला जाई, तो सारखा वाटला जात नसे. कर्जापायी वर्षानुवर्षे राबणारा सालगडी, वेठीला धरलेला महार-मांग, ह्यांच्या पाठीवर त्या व्यवस्थेचा भार होता. वेठबिगार कायद्याने बंद होण्यास १९७६ साल उजाडावे लागले. औरंगपुऱ्यात ज्यांचा पुतळा उभा आहे, त्या जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून कुणब्याच्या कष्टांचा हिशेब मांडला. त्या हिशेबाची वही आजही मिटलेली नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५० साली कूळकायदा आला. कसणारास जमिनीवर हक्क मिळाला, पण जमिनीबरोबर बैल मिळाले नाहीत. १९७२ च्या दुष्काळाने असंख्य दावणी मोकळ्या केल्या. पुढे वाटण्यांनी रान लहान होत गेले. महाराष्ट्रात एका खातेदारामागे सरासरी जमीन १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली. बैलजोडीला बारा महिने वैरण लागते. तीन-चार एकरांच्या धन्याकडे तिला काम मात्र थोड्याच दिवसांचे. तेव्हा बैल विकणे हा आळस नव्हे, तो हिशेब आहे. चांगली जोडी तिफणीने दिवसाकाठी चार एकरांच्या आसपास पेरी. ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र तेवढे रान दुपारच्या आत उरकते. हे पाहिल्यावर यंत्रास दोष कोण देईल?

यंत्र भाड्याने फिरविण्याची रीत आपण शोधलेली नाही. इंग्लंडात जॉन फाउलरच्या वाफेच्या नांगराला १८५८ साली पाचशे पौंडांचे बक्षीस मिळाले. ते धूड एकट्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. म्हणून गुत्तेदार ते गावोगाव फिरवीत. त्यापूर्वी १८३० साली तिथल्याच शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली होती, कारण हिवाळ्यातील त्यांची भाकरी त्या यंत्रांनी नेली होती. यंत्र फोडून भाकरी परत येत नाही, हा कामगार चळवळीचा जुना धडा आहे. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि त्याचा दर कोण ठरवितो, हा खरा प्रश्न आहे.

पेरणीचा दर ही साधी भाडेपट्टी नव्हे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, असा कृषिखात्याचा सल्ला असतो. तेवढा पाऊस साऱ्या शिवारात एकदमच होतो. वापसाही एकदमच येतो आणि मोजके दिवस टिकतो. त्या दिवसांत गावची सारी रांग दोन-चार यंत्रांपुढे उभी राहते. सलग वीस एकरांचा धनी आधी, दीड एकराच्या तुकड्याचा मागून. कारण यंत्राच्या मालकाला वळणे परवडत नाहीत. मागे राहिलेल्याची ओल उडून जाते. दर दोघांना एकच, पण उगवण एक नव्हे. लहान शेतकऱ्याची खरी किंमत ह्या थांबण्यात आहे, आणि ती कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते.

पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी. बियाणे दुसऱ्यांदा, खत दुसऱ्यांदा, आणि भाडेही दुसऱ्यांदा. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारी झाल्या. उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. बियाण्याची तक्रार निदान करता येते. दोनदा दिलेल्या भाड्याची तक्रार कोणाकडे करावयाची?

तिफणीमागे चाड्यावर मूठ धरणारी, सरत्याने तुरीचे तास टाकणारी बाई आता दिसत नाही. तिच्या बोटांतले कसब यंत्राच्या डब्याने घेतले. तिला उरले खुरपणे आणि वेचणी. ट्रॅक्टर चालविणारा तरुण पेरणीच्या दिवसांत रात्रंदिवस बसून असतो. त्याला जादा तासांचा दाम कोण देतो? आणि यंत्राचा मालक तरी पुष्कळदा सावकार नव्हे. हप्ते आणि डिझेल ह्यांच्या कात्रीत तोही सापडलेला असतो.

शहरातील श्रोत्यांनी हा दूरचा प्रश्न समजू नये. वाळूजच्या कारखान्यातील कितीतरी कामगारांचा जूनचा पगार गावच्या पेरणीला जातो, हे आम्ही दरसाल पाहतो. शेती पगारावर जगते आणि पगारवाढीच्या वाटाघाटीत तिचे नाव कोणी घेत नाही.

सरकारने १९६५ साली कृषिमूल्य आयोग नेमला. भाड्याचे बैल, भाड्याचे यंत्र त्याच्या हिशेबात धरले जाते. २०१८ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट भावाचे वचन दिले गेले. परंतु खर्च म्हणून धरला तो रोख खर्च आणि घरच्यांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज वगळले. शिवाय भाव साऱ्या देशाला एक. दुबार पेरणाऱ्याचा खर्च सरासरीत विरघळून जातो.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. २०१४-१५ पासून केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेतून अवजारे बँकांना अनुदान मिळू लागले. पण बँक नावाला गटाची आणि किल्ली एका घरात, असे झाले तर तो गुत्तेदारच, फक्त सरकारी पैशाचा. आमचे म्हणणे थोडके आहे. मृगापूर्वी ग्रामसभेत पेरणीचा दर ठरावा आणि फळ्यावर लिहावा. रांग लहान तुकड्यांपासून लागावी. शेजारच्या चार बांधांनी एकाच दिवशी एकत्र पेरून घ्यावे, म्हणजे वळणांची सबब राहणार नाही. चालकाचे तास आणि दाम त्याच फळ्यावर असावेत. आणि दुबार पेरणीच्या मदतीत भाड्याचा रकाना स्वतंत्र असावा.

सावडीला बैल लागत होते, तसा शेजाऱ्यावर भरवसाही लागत होता. बैल गेले ते गेले. भरवसा मात्र संघटनेने पुन्हा उभा करता येतो. आणि तो उभा केला नाही, तर ज्याच्या हाती यंत्र त्याच्याच हाती वापसा राहील.