रात्रीचं टपाल आणि वैमानिकाची झोप

३० जानेवारी १९४९ रोजी, गांधीजींच्या हत्येला एक वर्ष पूर्ण झालं त्याच दिवशी, देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरात परत गेलेलं असायचं. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात मिळू लागलं.

या योजनेमागे तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई होते. युद्ध संपल्यावर स्वस्तात विकली गेलेली डाकोटा विमानं घेऊन देशात भराभर कंपन्या निघाल्या होत्या. ही विमानं दिवसा उडत आणि रात्री उभी राहत. उभ्या विमानातून पैसा मिळत नाही, तेव्हा रात्रीही ती वापरावीत, हा विचार सरळ होता. जे. आर. डी. टाटांनी त्याला विरोध केला. रात्री उडण्यासाठी जमिनीवर लागणाऱ्या सोयी आपल्याकडे अजून पुरेशा नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही सेवा सुरू झाली आणि १९५३ साली राष्ट्रीयीकरण झाल्यावर इंडियन एअरलाइन्सकडे आली.

मुंबई-नागपूर सरळ रेषा नकाशावर ओढली तर ती वऱ्हाडावरून, अकोला-अमरावतीच्या थोडी खालून जाते. आमच्या नांदगाव पेठेत माझे आबाजी तरुणपणी शेतात जागलीला जायचे. बडनेऱ्याच्या अंगानं बारीक घरघर आली की ते म्हणायचे, ‘‘टपालाचं इमान चाललं, तीन वाजले असतीन.’’ जागल करणाऱ्याला त्या आवाजाची सोबत वाटायची. वर बसलेला माणूसही आपल्यासारखाच जागा आहे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रात्रीच्या टपालाचं कौतुक पुष्कळ झालं आणि ते योग्यच आहे. पण त्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नव्हती. रात्री मोकळं असतं ते विमान. माणूस रात्री मोकळा नसतो. तेव्हा त्याचं शरीर झोपेचं काम करत असतं.

१२ डिसेंबर १९५३ च्या रात्री सोनेगावहून मद्रासकडे निघालेलं डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि १३ जण गेले. त्याला कारण झोप नव्हती, इंजिन बंद पडलं होतं. पण अशा क्षणी वैमानिकाला काही सेकंदांत निर्णय घ्यायचा असतो आणि पहाटे दोन ते सहा या वेळात नेमकी हीच ताकद सगळ्यात कमी असते. आज वैमानिकांच्या कामाच्या वेळांचे जगभरचे नियम या चार तासांना वेगळं मानतात. शरीराचं घड्याळ तेव्हा तळाला गेलेलं असतं आणि सवयीनं किंवा चहानं ते वर येत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे या इतिहासातलं एक वळण मला जास्त खुणावतं. वैमानिकांचं वेळापत्रक, म्हणजे रोस्टर, एकेकाळी माणूस कागदावर करायचा. आता ते संगणक करतो. काम दोन टप्प्यांत चालतं. आधी उड्डाणांच्या साखळ्या तयार होतात. प्रत्येक साखळी वैमानिकाच्या मुक्कामाच्या शहरातून सुरू होते आणि तिथंच संपते. मग या साखळ्या नावानिशी वाटल्या जातात. लाखो शक्यतांमधून सर्वांत कमी खर्चाची शोधायची, अशी ही गणितातली नावाजलेली अवघड समस्या आहे. कायद्यातले नियम या गणितात मर्यादा म्हणून घातले जातात.

मेख इथंच आहे. २०२५ पर्यंत आपला कायदा म्हणायचा, आठवड्याला सलग किमान ३६ तास विश्रांती द्या. कायद्याच्या मनात ३६ हा तळ होता, त्याच्या वर कितीही द्यावं. खर्च कमी करायला बसवलेल्या संगणकाला मात्र ३७ वा तास वाया गेलेला दिसायचा. म्हणून तो पुन्हा पुन्हा ३६ च्या आसपास येऊन थांबायचा. यात कुणाचा दुष्टपणा लागत नाही. तळ हेच छत होऊन बसतं. वैमानिक किती भरायचे हेही त्याच गणितातून ठरतं आणि जास्तीची माणसं खर्चाच्या रकान्यात जातात. मग कुणी आजारी पडलं, कुठं धुकं आलं की भरून काढायला एकच साठा उरतो, तो म्हणजे माणसांच्या सुट्ट्या.

२०१७ सालच्या शरद ऋतूत हे दोन खंडांत एकदमच दिसलं. युरोपात रायनएअरनं वैमानिकांच्या वार्षिक रजांचा हिशेब चुकवला आणि सप्टेंबरात सुमारे दोन हजार उड्डाणं रद्द करायची पाळी आली. रजेचे दहा दिवस सोडा आणि काम करा, असं सांगत कंपनीनं कॅप्टनांपुढे १२ हजार पौंड ठेवले. त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सच्या संगणकातल्या दोषामुळे नाताळात गरजेपेक्षा जास्त वैमानिकांना सुट्टी मंजूर झाली. मग कंपनीनं दीडपट पगार देऊ केला. दोन्हीकडे पैशाची भाषा होती, म्हणजे सुट्टी वैमानिकाच्या मालकीची आहे, एवढं तरी मान्य होतं.

आपल्याकडचा इतिहास वेगळा आहे. इथं ओढाताण पैशापेक्षा नियमाच्या व्याख्येवरून होत आली. १९९२ च्या परिपत्रकानं वैमानिकांच्या कामाचे तास बांधून दिले होते. २००७ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयानं, त्याऐवजी नवे, अधिक विश्रांती देणारे नियम आणले. कंपन्या म्हणाल्या, एवढे वैमानिक नाहीत. २००८ मध्ये नवे नियम स्थगित झाले आणि १९९२ चं परिपत्रक परत आलं. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथं हरल्यावर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मे २०११ मध्ये तिथंही त्यांचं अपील फेटाळलं गेलं.

त्या मधल्या काळात, २२ मे २०१० च्या सकाळी, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं आणि १५८ माणसं गेली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. उतरण्याच्या थोडं आधीपर्यंत ते दीर्घकाळ झोपलेले होते, असं चौकशीत नोंदवलं गेलं. सहवैमानिकानं ‘परत वर घ्या’ असं सुचवलं होतं. ऑगस्ट २०११ मध्ये अखेर नवे नियम आले.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी दुपारी नागपूरच्या विमानतळावर, ज्या सोनेगावात रात्रीची टपालविमानं जमायची तिथंच, पुण्याला विमान नेण्याच्या तयारीत असलेले इंडिगोचे एक वैमानिक बोर्डिंग गेटजवळ कोसळले आणि गेले. आदल्या दिवशी त्यांनी पहाटे तीन ते सातच्या दरम्यान त्रिवेंद्रम-पुणे-नागपूर असं उड्डाण केलं होतं. त्यानंतर त्यांना २७ तासांची विश्रांती मिळाली होती. त्यांच्या मृत्यूचा दोष रोस्टरवर टाकता येणार नाही, तसा पुरावा नाही. पण पहाटेचं काम, मग एक दिवस, मग पुन्हा चार उड्डाणांची दुपार, हे सगळं नियमात बसत होतं. त्यामुळे प्रश्न रोस्टरवरून नियमाकडे वळला.

जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएनं नियम बदलले. आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास झाली. रात्र पाचऐवजी सहाला संपेल असं ठरलं. रात्रीच्या वेळात सहापर्यंत विमानं उतरवता येत होती, ती मर्यादा दोनवर आली. हे १ जून २०२४ पासून लागू व्हायचं होतं, पण कंपन्यांनी विरोध केला आणि ते पुढं ढकललं गेलं. वैमानिक दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठं जुलै आणि नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळाली होती. तरी दुसरा टप्पा लागू झाल्यावर महिनाभरात इंडिगोचं रोस्टर कोलमडलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली.

त्याच दिवशी डीजीसीएनं इंडिगोला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. शिवाय ‘साप्ताहिक विश्रांतीच्या जागी कोणतीही रजा धरता येणार नाही’ ही तरतूद सगळ्याच कंपन्यांसाठी मागं घेतली. दिसायला ती एक ओळ आहे. पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. रजा ही वैमानिकानं काम करून कमावलेली असते, बहिणीच्या लग्नासाठी, आईच्या दवाखान्यासाठी. साप्ताहिक विश्रांती मागे बसलेल्या १८० प्रवाशांसाठी असते. तीन दिवस रजा घेतलेल्या माणसाला ‘तुझी या आठवड्याची विश्रांतीही त्यातच झाली’ असं सांगितलं, की कागदावर दोन्ही नोंदी पूर्ण होतात. ज्यानं ते तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर काढले, तो मात्र न झोपलेलाच विमानात चढतो.

२००८, २०२४ आणि २०२५, तिन्ही वेळा कारण एकच सांगितलं गेलं : माणसं कमी आहेत. या तुटवड्याला दुसरीही बाजू आहे. २०१७ पासून कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. थकलेल्या माणसाला पटकन दुसरीकडे जाता येत नाही. त्यामुळे चांगलं रोस्टर देऊन माणसं टिकवण्याचा दबावही कंपनीवर कमीच राहतो.

आता हा विषय आमच्या अंगणात आला आहे. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचं उद्घाटन होऊन मुंबईचं विमान सुरू झालं. तिथंच एअर इंडियानं वैमानिक प्रशिक्षण संस्था जाहीर केली आहे. ३४ विमानं, वर्षाला १८० वैमानिक. बारावीला फिजिक्स-गणित घेतलेली इकडची पोरं आता त्या आकड्याकडे डोळे लावून आहेत. परवान्याला २०० तासांचं उड्डाण आणि लाखोंचा खर्च लागतो. वऱ्हाडात तो खर्च बहुतेक घरी वावराच्या सातबाऱ्यावर बोजा चढवूनच होईल. असं कर्ज डोक्यावर असलेला पंचविशीतला सहवैमानिक ‘मी आज थकलोय, उडणार नाही’ असं फोनवर सांगेल का, हा नियमाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

१८० नवे वैमानिक तुटवडा कमी करतील, हे खरं. पण माणसं वाढली की तेवढीच उड्डाणंही वाढवायची आणि रोस्टर पुन्हा किमान तासांवर आणून ठेवायचं, हेच चालू राहिलं तर पुढच्या डिसेंबरात हीच पोरं मोजून कमी पडतील. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरताना पहिल्या पगाराच्या आकड्यासोबत अजून दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. या कंपनीत आयत्या वेळी कुणी आजारी पडलं तर राखीव वैमानिक किती असतात? आणि रजेवरून परत आलेल्या माणसाची साप्ताहिक विश्रांती वेगळी मोजतात की त्यातच धरतात?