चार्ली गेरिंजर

चार्ल्स लिओनार्ड गेरिंजर (११ मे, १९०३:फाउलरव्हिल, मिशिगन, अमेरिका – २१ जानेवारी, १९९३:ब्लूमफील्ड हिल्स, मिशिगन) हे अमेरिकन बेसबॉल खेळाडू होते. १९२४ ते १९४२ या काळात ते मेजर लीग बेसबॉलमध्ये केवळ डेट्रॉईट टायगर्स या एकाच संघाकडून खेळले. दुसऱ्या बेसवरील सर्वोत्तम क्षेत्ररक्षकांत त्यांची गणना होते.

शेतकरी कुटुंबात वाढलेल्या गेरिंजर यांनी काही काळ मिशिगन विद्यापीठात शिक्षण घेतले. टायगर्सचे तत्कालीन खेळाडू-व्यवस्थापक टाय कॉब यांच्यासमोर झालेल्या चाचणीनंतर त्यांना करारबद्ध करण्यात आले.

==कारकीर्द==
पहिल्या व दुसऱ्या बेसमधील जागा राखणाऱ्या खेळाडूस चेंडू अडवून क्षणात फेकावा लागतो. हे काम गेरिंजर इतक्या सहजतेने करीत की अवघड झेपही साधी वाटे. या अचूकतेमुळे त्यांना 'द मेकॅनिकल मॅन' (यांत्रिक माणूस) हे टोपणनाव मिळाले. ते अत्यंत मितभाषी होते. हंगामाच्या पहिल्या दिवशी नमस्कार आणि अखेरच्या दिवशी निरोप, एवढेच ते बोलतात, अशी त्यांची थट्टा होत असे. सलग ५०० हून अधिक सामने खेळण्याची कामगिरी त्यांनी दोनदा केली.

त्यांनी एकूण २,८३९ हिट व ५७४ डबल नोंदवले. त्यांची फलंदाजीची सरासरी ०.३२० होती. बेसबॉलमध्ये ही सरासरी धावांवर नव्हे, तर दर संधीमागे मिळालेल्या हिटवर मोजली जाते आणि ०.३०० हीच उत्तम मानतात. १९३४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांनी ०.३७९ सरासरी राखूनही टायगर्स सेंट लुईस कार्डिनल्सकडून सात सामन्यांत पराभूत झाले. पुढच्याच वर्षी शिकागो कब्सला हरवून टायगर्सने आपले पहिले विजेतेपद मिळवले. १९३७ मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, ०.३७१ सरासरीने ते अमेरिकन लीगमध्ये अव्वल ठरले व सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा पुरस्कारही त्यांना मिळाला. पहिल्या सहाही ऑल-स्टार सामन्यांत ते खेळले.

==निवृत्तीनंतर==
दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात सेवा केली. १९५१ ते १९५३ दरम्यान ते टायगर्सचे महाव्यवस्थापक होते. ही कारकीर्द मात्र फारशी यशस्वी ठरली नाही. १९५२ मध्ये संघाने १०४ सामने गमावले.

मधुमेहाने आजारी असलेल्या आईची काळजी घेण्यासाठी गेरिंजर दीर्घकाळ अविवाहित राहिले. आईच्या निधनानंतर, १९४९ मध्ये, त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी त्यांचा बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. परंतु समारंभ विवाहाच्या सुमारास आल्याने ते त्यास उपस्थित राहिले नाहीत. १९८३ मध्ये टायगर्सने त्यांचा २ क्रमांक निवृत्त केला.