कूलरचा करंट, काळी माती आणि नियम ४५

मार्च सरत आला की अकोल्या-अमरावतीत घरोघरी एक काम निघतं. कूलर खाली उतरतो, जुन्या ताट्या निघतात, नव्या बसतात, पंपाची वायर जोडली जाते. प्लग सापडला नाही तर वायरची दोन उघडी टोकं काडीने सॉकेटमध्ये खोचली जातात. हे सगळं बहुतेक वेळा घरचंच कुणीतरी करतं. आणि दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून कुणी दगावल्याची बातमीही पेपरात येते.

माझं संशोधन वऱ्हाडातल्या घरगुती विजेच्या इतिहासावर आहे. त्यामुळे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: घरातलं लाईटचं काम आपणच केलं तर ते कायद्यात बसतं का? उत्तर आहे: थोडं बसतं, बरंचसं बसत नाही. ती रेघ नेमकी कुठे आहे आणि कुठून आली, ते आज पाहू.

आधी थोडा वऱ्हाडाचा घोळ. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यावर गेला. पण कागदोपत्री मालक निजामच राहिला. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत, ते वेगळा हुकूम काढून लागू करावे लागत. अनेक केंद्रीय कायदे तर १९४१ च्या 'बेरार लॉज अ‍ॅक्ट'ने इथे आणले गेले. पुढे स्वातंत्र्य आलं, १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि त्याच वर्षी देशभरासाठी 'भारतीय वीज नियम, १९५६' आले. आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या नियम ४५ मध्ये आहे.

नियमाचा आशय सोप्या भाषेत सांगायचा तर असा: घरातल्या वीजमांडणीचं कोणतंही काम, म्हणजे नवीन, वाढीव, बदल किंवा दुरुस्ती, हे सरकारी परवाना असलेल्या कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं. देखरेखीला प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा आणि हात लावणाऱ्याकडे परवाना हवा. याला सूट एकच. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतचं घरगुती उपकरण तुम्ही बदलू शकता, पण मांडणीची क्षमता किंवा तिचं स्वरूप बदलता कामा नये. २००३ चा वीज कायदा आला, २०१० आणि २०२३ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले, तरी ही रेघ जवळपास तशीच टिकली.

आता हीच रेघ आपल्या घरात ओढून बघा. बल्ब बदलला, चालेल. तुटलेल्या स्विचच्या जागी तसाच दुसरा बसवला, चालेल. पण खिडकीपाशी कूलरसाठी नवा पॉइंट काढला, तर तो 'वाढीव' झाला. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घातली, तर क्षमताच बदलली. दिसायला दोन मिनिटांचं काम, पण त्यानंतर भिंतीतली वायर तापेल आणि फ्यूज मात्र गप्प बसेल.

गंमत म्हणा की दुर्दैव, कूलरच्या ताट्या बदलणं, पंप बदलणं, प्लग लावणं हे सगळं सुटीच्या बाजूला पडतं. म्हणजे कायद्यात बसतं. आणि जीव नेमका तिथेच जातो. का, ते समजायला थोडं भौतिकशास्त्र लागेल. घाबरू नका, नुसता भागाकार आहे.

ओल्या अंगाचा विद्युतरोध ढोबळमानाने १००० ओहम धरा. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. साठ वॅटचा बल्ब साधारण एवढाच प्रवाह घेतो. पण माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला तेवढा पुरेसा आहे. धोक्याची पातळी साधारण ०.०३ अँपिअर मानतात. सहा अँपिअरच्या फ्यूजला किंवा एमसीबीला हा प्रवाह जाणवतही नाही. फ्यूज वायरला वाचवतो, माणसाला नाही. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी लेखाचं काम झालं.

मग अर्थिंग कशाला असतं? फेजची वायर पत्र्याला टेकली की जमिनीकडे मोठा प्रवाह जावा आणि फ्यूज उडावा, म्हणून. समजा, अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे. प्रवाह ४६ अँपिअर, फ्यूज लगेच उडेल. पण आपली काळी माती आठवा. पावसाळ्यात चिखल, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा. माती सुकली की तिचा रोध वाढतो. तो ५० ओहम झाला तर प्रवाह फक्त ४.६ अँपिअर. फ्यूज उडत नाही आणि कूलरचा पत्रा जवळपास पूर्ण दाबावर उभा राहतो. म्हणजे कूलर ज्या महिन्यात चालतो, त्याच महिन्यात अर्थिंग सगळ्यात अशक्त असतं! खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वरून पाणी ओतायची जुनी रीत याच कारणासाठी आहे.

त्यात जुन्या घरांची भर. लाकडी पट्टीवरच्या त्या वायरिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी दोनच वायरी आहेत. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० चं, बाळापूर तालुक्यातल्या पारसचा पहिला ३० मेगावॅटचा संच १९६१ चा. वीज आली तेव्हा बहुतेक घरांत ती दोन-चार दिव्यांसाठी आली. पाण्याने भरलेला लोखंडी डबा तिला जोडला जाईल, हे त्या वायरिंगच्या हिशेबात नव्हतं.

स्वयंपाकघरात हाच हिशेब वेगळ्या रूपात दिसतो. सिलिंडर बदलणं तुमचं काम, पण १४.२ किलोच्या घरगुती टाकीतून दुसऱ्या टाकीत गॅस भरणं गुन्हा. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळला की फरशीवर साचतो. वास आला की बटन चालूही करू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा.

तर या उन्हाळ्यात काय करायचं? कूलरला तीन पिनांचाच प्लग लावा. पाणी भरताना बटन बंद करून प्लग बाहेर काढा. परवानाधारक तारतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. आपल्याकडे त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांतला फरक ते मोजतं, त्यामुळे माती कोरडी असली तरी क्षणात वीज तोडतं. सुरक्षेच्या नियमांत ठरावीक भारापुढच्या जोडण्यांना अशा उपकरणाची सक्ती आहे. तुमची जोडणी त्याखाली असेल, तर ते न बसवणं कायद्यात बसेल. पण कायद्यात बसणं आणि जीव वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कूलर घरात असेल तर दुसरीचा विचार आधी करायचा.