हळकुंड मोडून न पाहणारा ग्राहक

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीच्या ढिगापाशी आलेला व्यापारी आधी एक कांडी उचलून मोडतो. कट्कन खणखणीत आवाज आला की माल नीट वाळलेला. मग तो आतला रंग बघतो, वास घेतो आणि बोली लावतो. हीच हळद पूड होऊन परदेशी ग्राहकाच्या मोबाइलवर जाते, तेव्हा मोडायला कांडी नसते. फोटो, चार ओळींची माहिती, किंमत आणि इतरांचे अभिप्राय, एवढ्यावर त्याला ठरवायचे असते. उरलेले तो आपल्या सवयींतून, घरच्या संस्कारांतून भरून काढतो. ते कसे, हा ‘संस्कृती आणि ग्राहक वर्तन’ या विषयाचा गाभा.

रंगाचेच घ्या. गडद पिवळी ती चांगली, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत. बांगलादेशात याच आवडीपायी हळदीला शिसेयुक्त लेड क्रोमेट चोळले जात असल्याचे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिले. ती बातमी वाचलेल्या अमेरिकी ग्राहकाला तोच झळझळीत फोटो संशयास्पद वाटू शकतो. तो प्रयोगशाळेचा अहवाल मागेल, हळदीतल्या कर्क्युमिन या घटकाचे प्रमाण विचारेल. तिथेच राहणाऱ्या मराठवाड्यातल्या घराला मात्र पाकिटावर ‘वसमत’ दिसले तरी पुरे होईल. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या शिक्क्याचे वजन या दोघांच्या लेखी सारखे नाही.

संस्कृतीनुसार बदलणाऱ्या अशा पसंतीचा अभ्यास इंटरनेटहून जुना आहे. संशोधक रॉबर्ट स्कूलर यांनी 1965 मध्ये ग्वाटेमालात एकच माल वेगवेगळ्या देशांच्या नावांनी दाखवला आणि नावागणिक लोकांचे मत बदलले. 2001 मध्ये मासुदा आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात पाण्यातल्या माशांचे दृश्य सांगताना अमेरिकी विद्यार्थी मोठ्या माशापासून सुरुवात करत, जपानी विद्यार्थी भोवतालच्या पाण्याविषयी अधिक बोलत. वस्तूचा फोटो कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढावा की स्वयंपाकघरात, हा प्रश्न इथूनच गंभीर होतो. देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारे हॉफस्टेड यांचे 1980 चे ठोकताळे जरूर वाचा, पण ते प्रामुख्याने आयबीएमच्या कर्मचाऱ्यांवर बेतलेले आहेत. देशाची सरासरी एखाद्या माणसाच्या कपाळी मारणे ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो: अभ्यासाचे साहित्य तुमच्या दारात वाळत पडले आहे. हळदीच्या विक्रीचे एकच पान गावातल्या काकूंना आणि परदेशातल्या अनोळखी ग्राहकाला दाखवा, दोघे पहिला प्रश्न कोणता विचारतात तो लिहून घ्या आणि कामाला लागा.