लंडनच्या जुन्या चर्चमधला भरतनाट्यमचा वर्ग



या पानावर आम्ही बहुतेक वेळा नवगाव, रेवदंडा, पेण, अलिबाग, नाहीतर मुंबईच्या सॅम्युएल स्ट्रीटबद्दल लिहितो. यावेळी विषय वेगळा आहे. परदेशात भारतीय नृत्याची शाळा कशी रुजली आणि वाढली, याचा हा इतिहास आहे. याचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध दोन आहेत. आपल्यातल्या काही घरांतल्या मुलींनी इथं परदेशात पायात घुंगरू बांधले, हा एक. दुसरा जास्त महत्त्वाचा. आपली मराठी कीर्तनं आणि हळदी-मेंदीची गाणी आज का विरत चालली आहेत, याचं उत्तर या शाळेच्या इतिहासात सापडतं असं आम्हाला वाटतं.

आधी कलावंत आले

लंडनला भारतीय नृत्य तसं नवं नव्हतं. १९२३ साली कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर उदय शंकर यांनी रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोवा हिच्याबरोबर राधा-कृष्णाचं नृत्य केलं होतं. १९३९ मध्ये राम गोपाल यांचे कार्यक्रम ऑल्डविच थिएटरमध्ये झाले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण पडदा पडला की मागे काय उरायचं? फोटो आणि वर्तमानपत्रांची कात्रणं. राम गोपाल पुढे इंग्लंडमध्येच राहिले, तरी पिढ्यानपिढ्या मुली घडवील अशी शाळा त्यांच्यामागे उभी राहिली नाही. मोठा कलावंत असला म्हणजे शाळा होतेच असं नाही. शाळेला दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी उघडणारं दार लागतं.

ते दार उघडण्याची गरज १९६० आणि ७० च्या दशकांत निर्माण झाली. केनिया आणि युगांडातली भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येनं ब्रिटनमध्ये आली. १९७२ साली इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा त्यांतले २७ हजारांहून जास्त लोक इथं उतरले. याच काळात भारतातून डॉक्टर येत होते आणि इस्पितळांतून काम करायला आम्ही परिचारिकाही येत होतो. पाहुणे म्हणून आलेली माणसं आता राहायला आली होती. मुलं इंग्रजी शाळेत जायला लागली, घरी इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली, आणि आईबापांना काळजी लागली की यांना आपलं काय येणार?

भवनचं छप्पर

भारतीय विद्या भवन ही कन्हैयालाल मुन्शी यांनी १९३८ साली मुंबईत स्थापन केलेली संस्था. चौपाटीजवळची तिची इमारत आपल्या मुंबईकर मंडळींना चांगली ठाऊक आहे. या संस्थेचं परदेशातलं पहिलं केंद्र १९७२ साली लंडनमध्ये सुरू झालं. सुरुवात भाड्याच्या जागेत झाली. पुढे त्याच दशकात संस्थेनं वेस्ट केन्सिंग्टनमधली वापरात नसलेली चर्चची इमारत घेतली, आणि तिथं नृत्य, संगीत आणि भाषांचे वर्ग भरू लागले.

या इमारतीचं महत्त्व बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. भरतनाट्यम शिकणारी मुलगी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसून, तासभर जमिनीवर पाय आपटते. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे केलं तर खालचा शेजारी पहिल्याच दिवशी दार ठोठावतो. कुणाच्या बैठकीच्या खोलीत केलं तर गालिच्यावर पायाचा आवाजच निघत नाही. सिमेंटच्या थंडगार फरशीवर केलं तर नडगीचं हाड आणि गुडघे दुखायला लागतात. ही दुखणी काय असतात ते परिचारिकेला सांगायला नको. स्वतःची जागा म्हणजे पायांखाली योग्य जमीन, आणि शेजाऱ्याची भीती नाही.

दुसरी गोष्ट संगीताची. भरतनाट्यम रेकॉर्डवर शिकता येतं, पण ते अर्धंच शिकणं. नट्टुवनार लाकडी काठीनं ताल धरतो आणि बोल म्हणतो, गायक तीच ओळ पुन्हा पुन्हा गातो, मुलगी दर वेळी त्या ओळीचा नवा अर्थ डोळ्यांतून आणि हातांतून दाखवते. हे माणसांशिवाय होत नाही. भवनमध्ये एका छपराखाली कर्नाटक गायन, मृदंगम, व्हायोलिन, तबला, सतार असे सगळे वर्ग भरत. नाचणाऱ्या मुलीला साथ देणारी माणसं त्याच इमारतीत तयार होत होती. दुसरीकडे अरंगेत्रम म्हणजे मुलीचा पहिला पूर्ण कार्यक्रम ठरला की चेन्नईहून वादक बोलवावे लागत, आणि बापाचं कंबरडं मोडे.

तिसरी गोष्ट शिक्षकाची. प्रकाश यडगुड्डे यांच्यासारखे गुरू भवनमध्ये वर्षानुवर्षं तिथंच राहून शिकवत राहिले. दौऱ्यावर आलेला गुरू चार दिवसांत एक रचना बसवून जातो. राहणारा गुरू अडवू, म्हणजे पावलांची बाराखडी, दोन-दोन वर्षं घोटून घेतो, मुलीची चूक पुढच्या आठवड्यात लक्षात ठेवतो, आणि मग अलारिप्पूपासून वर्णम, तिल्लानापर्यंत एकेक पायरी चढवतो. बरोबर अभ्यासक्रम आणि पदविका असल्यामुळे मुलीला आणि तिच्या आईला पुढचं वर्ष कशासाठी, हे कळायचं. आम्ही नर्सिंगची पदविका केली तेव्हाही प्रात्यक्षिकाची वही भरल्याशिवाय पुढच्या वर्षात जाता येत नसे. शिस्तीला कागद लागतो.

दारं उघडत गेली

हळूहळू हे नृत्य भारतीय वस्तीबाहेर जायला लागलं. १९७९ साली नृत्यांगना तारा राजकुमार यांनी लंडनमध्ये ‘ॲकॅडमी ऑफ इंडियन डान्स’ सुरू केली. आज ती ‘अकादमी’ या नावानं ओळखली जाते. इंग्रजी शाळांत आणि नाट्यगृहांत भारतीय नृत्य पोचवायचं काम तिनं केलं. १९८४ साली तिनं मोगलीच्या गोष्टीवर नृत्यनाट्य केलं, त्यात अक्रम खान नावाचा एक लहान मुलगा होता. त्याचे कथकचे गुरू प्रताप पवार. हाच मुलगा पुढे जगप्रसिद्ध नर्तक झाला आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात त्याचं नृत्य सगळ्या जगानं पाहिलं.

१९९९ मध्ये आणखी मोठी गोष्ट घडली. ‘इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग’ ही १९०४ सालची ब्रिटिश संस्था. बॅलेच्या परीक्षा घेणाऱ्या या संस्थेनं दक्षिण आशियाई नृत्याचा विभाग उघडला आणि कथक व भरतनाट्यमच्या परीक्षा सुरू झाल्या. २०१५ साली बीबीसीनं तरुण नर्तकांची स्पर्धा भरवली, तेव्हा बॅलेच्या जोडीला दक्षिण आशियाई नृत्याचा स्वतंत्र गट होता. आफ्रिकेतून एक-दोन बॅगा घेऊन आलेल्या लोकांच्या मुलीबाळींची कला या देशाच्या परीक्षेत आणि टीव्हीवर जाऊन बसली.

जन्म की तालीम?

इथं एक कडू गोष्टही सांगायला हवी. भरतनाट्यम ही मूळची देवदासी घराण्यांची आणि त्यांच्या नट्टुवनारांची विद्या. समाजानं त्या स्त्रियांना नावं ठेवली, १९४७ च्या मद्रासच्या कायद्यानं मंदिरांना मुली वाहण्याची प्रथा बंद केली, आणि नृत्य मात्र उच्चवर्णीय घरांतल्या मुलींकडे गेलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम पिल्लै यांच्याकडे शिकून १९३५ साली अड्यारला पहिला कार्यक्रम केला आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्र ही संस्था काढली. दार उघडलं हे खरं, पण ज्यांचं घर होतं त्या मागे राहिल्या, हेही खरं.

त्याच दारातून आपल्या नात्यातली एक मुलगी आत गेली. लीला सॅमसन. जन्म १९५१. वडील व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन, आपले बेने इस्राएल, भारतीय नौदलातले मोठे अधिकारी आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख. आई ख्रिस्ती. वडिलांनी मुलीला लहान वयात कलाक्षेत्रात घातलं. तिथल्या वातावरणात, तमिळ आणि तेलुगू पदांमध्ये, कृष्ण आणि शिवाच्या कथांमध्ये ती वाढली आणि देशातल्या अव्वल नर्तकींत गणली गेली. १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. अरुण खोपकर यांनी त्यांच्या नृत्यावर ‘संचारी’ हा चित्रपट केला. २००५ साली त्या कलाक्षेत्राच्याच संचालिका झाल्या, आणि रुक्मिणीदेवींचं चरित्रही त्यांनी लिहिलं. वंशानं ना तमिळ, ना हिंदू, पण रुक्मिणीदेवींच्या संस्थेची किल्ली त्यांच्या हाती आली. ही किल्ली तालमीनं मिळते, जन्मानं नाही.

वंश तपासून आत घ्यायचं की माणसाची निष्ठा पाहून, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. १९६० च्या दशकात इस्राएलमध्ये आपल्या लोकांच्या लग्नाच्या वेळी आईकडच्या पिढ्या तपासायचा हुकूम निघाला होता. तो मागे घेतला जाईपर्यंत, म्हणजे १९६४ पर्यंत, आपल्या लोकांना जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसावं लागलं. म्हणून लीला सॅमसन यांची गोष्ट आम्हाला नुसती अभिमानाची वाटत नाही, विचार करायला लावणारी वाटते.

आपल्या घरांतल्या अडचणी

आपल्या घरांत या वर्गांवरून वाद झाले नाहीत असं नाही. वर्गात नटराजाची मूर्ती, आरंभी नमस्कार, गाण्यांत देवदेवता. काही आजी म्हणाल्या, “दहा आज्ञा पाठ म्हणणाऱ्या मुलीनं मूर्तीपुढे वाकायचं?” काहींनी मुलींना काढून घेतलं. काहींनी गुरूंशी सरळ बोलून घेतलं, की मुलगी जमिनीला आणि गुरूला नमस्कार करील, कारण त्या पहिल्या नमस्कारात आपण पाय आपटणार म्हणून धरणीमातेची क्षमाच मागायची असते. काहींना तोही नमस्कार मान्य नव्हता. प्रत्येक घरानं आपापला मार्ग काढला आणि आम्ही कुणालाच बोल लावत नाही.

दुसरी अडचण वाराची. परदेशात असले वर्ग बहुतेक शनिवारी सकाळी. शनवार तेल्यांच्या नातींनी शब्बाथला क्लासला जायचं कसं? ज्यांना रविवारचा किंवा संध्याकाळचा वर्ग मिळाला त्या टिकल्या. आयांनी रात्रपाळी संपवून, डोळ्यांवर झोप असताना, मुलींना घेऊन बस बदलत जायचं, आणि वर्ग संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर डुलक्या काढायच्या. शाळांच्या इतिहासात या बाकांवरच्या बायकांचं नाव येत नाही. त्यांच्याशिवाय एकही शाळा वाढली नसती.

आपलं काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी हिंदू कीर्तनाचा साचा घेऊन त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा मराठीत गायला सुरुवात केली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचं नाव त्यात पुढे येतं. तीसुद्धा अभिनयाची आणि तालाची कला. ती पुढे नेली घरातल्या मोठ्यांनी, सणासमारंभातल्या मंडळींनी, प्रेमानं. पण तिला वर्ग मिळाला नाही, अभ्यासक्रम मिळाला नाही, ठरलेला वार मिळाला नाही. भरतनाट्यमला हे तिन्ही मिळाले, म्हणून ते कोणत्याही घरातल्या मुलीला शिकता आलं. कीर्तन ज्यांच्या कानावर पडलं त्यांच्यापाशीच राहिलं, आणि ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.

इस्राएलमध्ये आपल्या काही बायका एकत्र येऊन पुन्हा कीर्तनं गाऊ लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. इतर देशांतही हे जमण्यासारखं आहे. चर्चची इमारत विकत घ्यायची गरज नाही. महिन्यातला एक रविवार, एक खोली, पेटी वाजवणारं एक माणूस, आणि चाली माहीत असलेली एखादी मावशी पुरे. पहिल्या वर्षी तीन कीर्तनं, दुसऱ्या वर्षी मेंदीची गाणी, असं कागदावर लिहून ठेवायचं. मुलांना मराठी वाचता येत नसेल तर रोमन लिपीत लिहून द्यायचं. आणि शेजारची मुलगी शिकायला आली तर तिचे आजी-आजोबा कोण, हे विचारायचं नाही.

ज्यांच्या घरी कीर्तनाच्या जुन्या वह्या किंवा कॅसेट असतील त्यांनी आम्हाला कळवावं. पुढच्या लेखात त्यांची यादी करायला घेऊ.