ग्रंथेतिहास व ग्रंथालयशास्त्र : वर्धा जिल्हा

पुस्तक कोणी लिहिले, कोणत्या कागदावर व कोणत्या टंकात छापले, काय किमतीला विकले आणि कोणी वाचले, याचा शोध घेणारी विद्याशाखा म्हणजे ग्रंथेतिहास. जमलेली पुस्तके वाचकाला हवी तेव्हा सापडावीत यासाठी झटणारे ते ग्रंथालयशास्त्र. दोन्ही शाखांचा विषय पुस्तकच, तरी त्या वेगवेगळ्या घरांत वाढल्या. वर्धा जिल्ह्यात मात्र हातकागद, लिपी, छापखाना, प्रकाशन, ग्रंथालय आणि विद्यापीठ ही सगळी साखळी शहराच्या आठ-दहा किलोमीटरांच्या परिघात पाहायला मिळते. या दोन विद्या एकत्र अभ्यासायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल.

ग्रंथालयशास्त्राचे रीतसर शिक्षण मेल्विल ड्युई यांनी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात सुरू केले. भारतात त्याचा आरंभ बडोद्यात झाला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावले आणि पुढच्याच वर्षी ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग भरला. बडोद्याहून निघणाऱ्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. ग्रंथालयविद्येवरचे मराठी लेखन इतके जुने आहे. पुढे शि. रा. रंगनाथन यांनी मद्रासमध्ये या विद्येला सिद्धान्ताचा पाया दिला. त्यांची पंचसूत्री १९३१ची, द्विबिंदू वर्गीकरण १९३३चे.

ग्रंथेतिहासाचा उगम ल्युसियाँ फेव्हर व आंरी-जाँ मार्तँ यांच्या १९५८च्या फ्रेंच ग्रंथापासून मोजण्याची प्रथा आहे. त्याच १९५८ साली अ. का. प्रियोळकर यांचा ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ हा ग्रंथ मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाने प्रसिद्ध केला. गोव्यात १५५६ मध्ये आलेल्या छापखान्याच्या चौथ्या शताब्दीचे ते स्मारक. शंकर गणेश दाते यांनी तर त्याआधीच १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची सिद्ध केली होती. १९३८ ते १९५० या वर्षांचा दुसरा खंड १९६१ मध्ये आला. मराठीतल्या या कामांना जगाच्या ग्रंथेतिहासात अजून त्यांच्या योग्यतेचे स्थान मिळालेले नाही.

वर्धा स्वातंत्र्यापूर्वी मध्य प्रांतात होते. त्यामुळे मुंबई प्रांतासाठी १९३९ मध्ये नेमलेल्या फैजी समितीची ग्रंथालय-योजना किंवा कोल्हापूर संस्थानचा १९४५चा ग्रंथालय कायदा यांचा या जिल्ह्याशी संबंध आला नाही. सार्वजनिक वाचनालयांना कायद्याचा आधार मिळाला तो १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने. वाचनालयाचा अ, ब, क, ड असा दर्जा आणि त्यावर ठरणारे अनुदान ही भाषा त्यानंतर इथल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी बसली.

पुस्तके घडत होती ती मात्र आधीपासून, आणि इथेच वर्ध्याचे वेगळेपण आहे. विनोबा भावे यांनी १९२३ मध्ये वर्ध्याहून ‘महाराष्ट्र धर्म’ मासिक सुरू केले. ‘गीताई’ची रचना त्यांनी वर्ध्यातच केली, ती प्रसिद्ध झाली १९३२ मध्ये, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात असताना. त्याच तुरुंगातली त्यांची गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ पुस्तकरूपाने हाती आली. लेखक कोण, लेखनिक कोण, आणि बोललेला शब्द छापील होताना काय बदलते, हे ग्रंथेतिहासाचे मूळ प्रश्न. त्यांसाठी मराठीत याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल. ही पुस्तके पुढे वर्ध्याजवळच्या पवनारच्या परंधाम प्रकाशनाने घरोघर पोचवली. १९५९ मध्ये तिथेच स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनींनी ‘मैत्री’ मासिकासाठी छपाईचे कामही स्वतःच्या हातांनी केले.

वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातकागदाचे प्रयोग केले आणि के. बी. जोशी यांचे कागदनिर्मितीवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. कागद कसा करावा हे सांगणारे पुस्तक कागद करणाऱ्या गावातूनच निघावे, याचे मोल ग्रंथेतिहासाच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने ‘प्रवेश’, ‘परिचय’, ‘कोविद’ अशा परीक्षांसाठी पाठ्यपुस्तके छापली. काका कालेलकरांच्या लिपिसुधारणेला अनुसरून त्यांत ‘इ, उ’ऐवजी ‘अि, अु’ अशी अक्षरे वापरली जात. समितीचे एखादे जुने पुस्तक केवळ या अक्षरांवरूनही ओळखता येते.

गांधी-विनोबांच्या कामातून निघालेले असे साहित्य मांडताना ग्रंथपालाची खरी परीक्षा होते. ड्युईच्या दशांश पद्धतीत खादीचे विणकाम ६७७कडे जाते, नई तालीम ही शिक्षणपद्धती ३७०कडे, ग्रामोद्योगाचे अर्थशास्त्र ३३०कडे, गीताई २९४कडे. सेवाग्राम-पवनारला जे एकाच जीवनाचे भाग होते, ते कपाटात चार ठिकाणी विखुरतात. रंगनाथन यांनी ही अडचण ओळखून गांधीविषयक ग्रंथांना सामान्य वर्गात स्वतंत्र जागा दिली होती. ग्रंथाचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय त्याचे वर्गीकरण नीट होत नाही, याचा हा चांगला दाखला.

वर्ध्यातच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ मध्ये स्थापन झाले. त्याचे मध्यवर्ती ग्रंथालय राहुल सांकृत्यायन यांच्या नावाचे आहे. त्याच्याच स्वामी सहजानंद सरस्वती संग्रहालयात लेखकांची हस्तलिखिते व पत्रे जपली आहेत, तर ‘हिंदी समय’ या संकेतस्थळावर साहित्य सर्वांना मोफत वाचता येते. दूरशिक्षणातून ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक्रमही या विद्यापीठाने चालवले. आता गरज आहे ती जिल्ह्याच्या छपाईच्या इतिहासाची. त्याची साधने आहेत १८६७च्या मुद्रण व पुस्तक-नोंदणी कायद्यान्वये निघालेल्या त्रैमासिक याद्या, जुन्या वाचनालयांची दाखलनोंद पुस्तके आणि छापखान्यांच्या हिशेबवह्या. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, देवळी, पुलगाव येथील ज्या घरांत अशा वह्या, बिलबुके किंवा छपाईचे जुने ठोकळे उरले असतील, त्यांनी ते रद्दीत वा भंगारात न घालता जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत.